पाठ: सायकलच्या सहलीचे सामान



या पाठात आपण मराठीतून एक यादी करायला शिकणार आहोत. यादी आहे दोन दिवसांच्या सायकल सहलीच्या सामानाची. पाठ मोठ्या वर्गासाठी आहे. लहान वर्गातल्या मुलांनी तो आईबाबांकडून वाचून घ्यावा. सोबत वही, पेन्सिल आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवा. वजनकाटा कशाला, ते लवकरच कळेल.

१. सहल कुठली?

यादी करण्यापूर्वी आपण कुठे जाणार, हे ठरायला हवे. सामान प्रवास पाहून ठरते. आम्ही उदाहरणासाठी लिलिडेल ते वॉरबर्टन हा मार्ग घेतला आहे. तो क्लेटनहून सोयीचा आहे. लिलिडेलपर्यंत लोकलने जाता येते, मध्ये गाडी बदलावी लागते. सायकलीला वेगळे तिकीट लागत नाही. मात्र गर्दीच्या वेळा टाळाव्यात आणि पहिल्या डब्याच्या पहिल्या दारातून सायकल चढवू नये. ती जागा व्हीलचेअरवाल्यांसाठी असते. घरापासून स्टेशनपर्यंत १३ वर्षांखालील मुलांना फुटपाथवरून सायकल चालवता येते. त्यांच्याबरोबर असलेल्या मोठ्या माणसालाही आपल्या व्हिक्टोरिया राज्यात ती परवानगी आहे.

लिलिडेल ते वॉरबर्टन हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. या वाटेवरून १९०१ सालापासून आगगाडी धावत असे. जंगलातले लाकूड या गाडीने शहराकडे येई. १९६५ साली ही गाडी बंद झाली. पुढे रूळ काढून त्या जागी पायी चालणाऱ्यांसाठी, सायकलींसाठी आणि घोड्यांसाठी वाट केली गेली. आगगाडीला उभा चढ झेपत नाही, त्यामुळे रूळ टाकताना चढ सौम्य ठेवावा लागतो. त्याचा फायदा आज आपल्या पायांना होतो. लिलिडेलहून माउंट एव्हलिनपर्यंतचा पहिला चढ मात्र दम काढतो. पुढे वांडिन, सेव्हिल, वूरी यालॉक, लाँचिंग प्लेस आणि यारा जंक्शन ही गावे लागतात. वाट दाबून बसवलेल्या बारीक खडीची आहे.

पहिल्या दिवशी वॉरबर्टनला जायचे, रात्री तिथे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. मुक्कामाला छप्पर आणि अंथरूण-पांघरूण मिळणार आहे, असे धरून आपण यादी करू. म्हणजे तंबू नको आणि शेगडीही नको. तंबूत राहायचे असेल तर यादी वेगळी होईल.

२. पायांनी द्यायचे भाडे

मोटारीतून सहलीला जाताना आपण हाताला लागेल ते डिकीत टाकतो. एखादी पिशवी जास्त झाली तरी मोटार तक्रार करत नाही. सायकलवर मात्र प्रत्येक वस्तूचे भाडे आपल्याच पायांनी द्यावे लागते. शिवाय हे भाडे सगळ्यांना सारखे नसते! एक छोटे गणित करू.

समजा, एका मुलीचे वजन ३२ किलो आहे आणि तिच्या सायकलचे १२ किलो. दोन्ही मिळून ४४ किलो झाले. तिच्या बाबांचे वजन ७२ किलो आणि त्यांच्या सायकलचे १६ किलो, म्हणजे एकूण ८८ किलो. आता दोघांच्याही सायकलींवर ४.४ किलोची सारखीच पिशवी ठेवली. मुलीचे ओझे १० टक्क्यांनी वाढले, बाबांचे फक्त ५ टक्क्यांनी. चढावर पायांना जोर किती लावावा लागेल, हे साधारण या एकूण वजनावर ठरते. म्हणजे तीच पिशवी मुलीला दुप्पट जड पडली.

म्हणून आमच्या घरी एक नियम आहे. मुलांच्या सायकलवर २ किलोपेक्षा जास्त सामान नाही आणि मोठ्यांच्या सायकलवर ८ किलोपेक्षा जास्त नाही. प्रत्येक वस्तू आधी काट्यावर ठेवायची आणि तिचे वजन वहीत लिहायचे. शंभर ग्रॅम, दीडशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण थेंबे थेंबे तळे साचे! अशा वीस 'काहीच नाही' वस्तू एकत्र आल्या की दोन-तीन किलो होतात.

३. तीन प्रश्न

पिशवीत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला: ही वस्तू नसली तर काय अडेल?
दुसरा: अडलेच, तर पुढचे दुकान किंवा मदत किती दूर आहे?
तिसरा: हेच काम बरोबर असलेल्या दुसऱ्या वस्तूने होईल का?

छत्रीचे उदाहरण घेऊ. छत्री नसली तर भिजायला होईल. पण सायकलवर छत्री धरता येत नाही आणि तिचे काम पावसाळी जाकिटाने होते. म्हणून छत्री घरी राहील. साबणाचे काय? तो मुक्कामाच्या ठिकाणी किंवा वॉरबर्टनच्या दुकानात मिळेल. आता हवेचा पंप पाहू. तो नसला तर सहल जागीच थांबेल. दोन गावांच्या मध्ये, झाडीत, पंपाचे दुकान नाही. पंपाचे काम दुसऱ्या कशाने होणारही नाही. म्हणजे पंप हवाच.

मोठ्या प्रवासातही हाच हिशेब करावा लागतो. पुण्याची वेदांगी कुलकर्णी जुलै २०१८ मध्ये आपल्या ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराहून सायकलने जगप्रदक्षिणेला निघाली. १५९ दिवसांत तिने सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवली आणि डिसेंबर २०१८ मध्ये ती कोलकात्याला पोहोचली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. वाटेत तिला उणे २० अंशांची थंडी सोसावी लागली आणि ३७ अंशांचे ऊनही. सायकलवर थंडीचे आणि उन्हाळ्याचे अशी दोन कपाटे बांधता येत नाहीत. मोजके कपडे एकावर एक चढवायचे आणि उतरवायचे, हाच मार्ग उरतो. आपली सहल दोनच दिवसांची आहे, पण रीत तीच.

४. पाणी आणि शिदोरी

तहान लागल्यावर विहीर खणणे ही म्हण सायकलवाल्यांनी पाठच करावी. पाणी आधीच भरून घ्यायचे आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पीत राहायचे. मुलांबरोबर तासाला १० किलोमीटर जाता येईल, असे धरू. म्हणजे ४० किलोमीटरला चार तास लागतील. तासाला निदान अर्धा लिटर या हिशेबाने प्रत्येकाला दोन लिटर पाणी लागेल. ऊन जास्त असेल तर त्याहून अधिक.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. दोन लिटर पाणी मुलाच्या सायकलवर ठेवले तर त्याचा सगळा २ किलोचा वाटा तिथेच संपेल. म्हणून मुलांनी पाऊण लिटरची एक बाटली घ्यावी. मोठ्यांनी आपल्या बाटल्यांखेरीज दोन लिटरचा जादा साठा घ्यावा. वाटेतल्या गावांमध्ये बाटल्या पुन्हा भराव्यात. एखाद्या ठिकाणी नळ बंद असेल किंवा दुकान उघडे नसेल, म्हणून साठा पूर्ण संपेपर्यंत थांबू नये. ओढ्याचे पाणी पिऊ नये.

आता खाऊ. आपल्याकडे प्रवासाला निघताना शिदोरी बांधण्याची जुनी पद्धत आहे. दशम्या दुधात भिजवून केलेल्या असतात, त्यामुळे त्या मऊ राहतात आणि एक-दोन दिवस टिकतात. धपाटे, शेंगदाण्याचे लाडू, रव्याचे लाडू आणि चिक्की हे पदार्थ सायकलवाल्यांसाठीच शोधून काढल्यासारखे आहेत. एका घासात बरीच शक्ती मिळते, चमचा लागत नाही आणि ते सांडत नाहीत. चॉकलेट उन्हात वितळते. दहीभात आणि श्रीखंड उन्हात आंबतात, तेव्हा ते घरी आल्यावर खावेत. सुके खोबरे आणि खजूरही चांगले.

आजी पाहुण्या म्हणून आलेल्या असतील तर शिदोरी चौघांऐवजी चौदा जणांची होण्याचा संभव असतो. त्यांना वजनकाटा दाखवावा. तरी एखादा लाडू जास्त आलाच तर तेवढी सवलत द्यावी. स्टीलचा चार पुडांचा डबा मात्र नम्रपणे नाकारावा. दशम्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवल्या की काम भागते. येताना ते फडके हात पुसायलाही होते.

५. पंक्चरवाला आपणच

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. तुमच्या आजोबांना विचारा. चौकाचौकांत पंक्चरवाला असे. तो घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवायचा. जिथून बुडबुडे येतील तिथे काचपेपर घासायचा, सोल्यूशन लावायचा आणि ठिगळ चिकटवायचा. पाच मिनिटांत सायकल तयार! वॉरबर्टनच्या वाटेवर दोन गावांच्या मध्ये असा पंक्चरवाला भेटत नाही. म्हणून त्याचे दुकान आपल्या पिशवीत न्यावे लागते. दुकान छोटेसेच आहे:

- हवेचा छोटा पंप
- टायर रिमवरून सोडवायच्या प्लास्टिकच्या तीन पट्ट्या
- जादा ट्यूब
- ठिगळे, सोल्यूशन आणि काचपेपर
- घडीचा पाना, ज्यात वेगवेगळ्या मापांच्या षटकोनी किल्ल्या आणि स्क्रू ड्रायव्हर असतो
- चिकटपट्टी आणि प्लास्टिकचे दोन-चार बंद
- हात पुसायला जुने फडके

जादा ट्यूब घेताना मापाकडे लक्ष द्यावे. मुलांच्या सायकलींची चाके २० किंवा २४ इंचांची असतात आणि मोठ्यांची त्याहून मोठी. बाबांच्या चाकाची ट्यूब मुलीच्या चाकात बसणार नाही. म्हणून चाकाच्या जितक्या मापांच्या सायकली, तितक्या ट्यूब घ्याव्यात. ट्यूबच्या तोंडाचेही प्रकार असतात. आजोबांच्या सायकलीला वॉलट्यूब लागायची. इथे बहुतेक दोन प्रकार दिसतात: एक मोटारीच्या चाकासारखे जाड तोंड आणि दुसरे बारीक, टोकाला छोटी फिरकी असलेले. आपला पंप कोणत्या तोंडाला बसतो, ते घरीच पाहून ठेवावे.

वाटेत पंक्चर झालेच तर पुढील क्रम लक्षात ठेवावा.

१) वाटेच्या कडेला यावे, म्हणजे इतरांना अडचण होणार नाही.
२) चाक काढावे आणि पट्ट्यांनी टायरची एक बाजू रिमबाहेर काढावी.
३) ट्यूब काढून तिच्यात थोडी हवा भरावी. कानाशी धरून भोक शोधावे.
४) टायरच्या आतून हळूच बोट फिरवावे. काटा, काच किंवा तार सापडेल ती काढून टाकावी. ही पायरी गाळली तर नवी ट्यूबही फुटते.
५) जादा ट्यूब बसवून हवा भरावी. किती हवा भरायची, तो आकडा टायरच्या बाजूवर लिहिलेला असतो.
६) फुटलेल्या ट्यूबला ठिगळ रात्री मुक्कामावर लावावे.

दहा वर्षांपुढच्या प्रत्येक मुलामुलीने हे काम घरच्या अंगणात एकदा तरी करून पाहावे. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, तिसऱ्यांदा दहा मिनिटे.

६. कपडे

डोक्यावर हेल्मेट हवेच. १ जुलै १९९० पासून व्हिक्टोरियात सर्व सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे आहे. सगळ्या वयाच्या सायकलस्वारांसाठी असा कायदा करणारे हे जगातले पहिले राज्य. कायद्याप्रमाणे सायकलीला चालणारा ब्रेक आणि घंटी असावी लागते. अंधारात पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि लाल परावर्तक लागतो. आपण दिवसाच जाणार आहोत, तरी दिवे घ्यावेत. पंक्चरमध्ये वेळ गेला की संध्याकाळ लवकर होते.

मेलबर्नची हवा एका दिवसात चारही ऋतू दाखवते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. वॉरबर्टन तर डोंगरांच्या कुशीत आहे. शेजारचा डोना ब्वांग डोंगर सुमारे १,२५० मीटर उंच आहे आणि हिवाळ्यात त्यावर बर्फ पडते. म्हणून क्लेटनला ऊन असले तरी पावसाळी जाकीट आणि एक पातळ लोकरी कपडा प्रत्येकाने घ्यावा. जीन्स घालू नये. ती भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही. सायकल चालवताना घालायचा एक जोड आणि संध्याकाळी घालायचा दुसरा, एवढे कपडे दोन दिवसांना पुरतात. मोजे आणि आतले कपडे तेवढे जादा घ्यावेत.

उन्हाचाही विचार करावा. 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम १९८१ साली याच राज्यात सुरू झाली. अतिनील किरणांचा निर्देशांक ३ किंवा त्याहून अधिक असेल तर काळजी घ्यायची असते. मेलबर्नमध्ये साधारण ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत तशी वेळ येते. सावळ्या कातडीला क्रीम नको, असे आपल्यातले काही लोक म्हणतात. ते बरोबर नाही. क्रीम दर दोन तासांनी पुन्हा लावावे. लांब बाह्यांचा सदरा सर्वांत उत्तम.

७. औषधांची पिशवी

हिच्यात पट्ट्या, जंतुनाशक, खरचटल्यावर लावायचे मलम आणि ज्याची त्याची रोजची औषधे असावीत. त्याशिवाय दोन वस्तूंबद्दल मुद्दाम सांगायचे आहे.

पहिली वस्तू म्हणजे दम्याचा पंप, ज्याला इथे पफर म्हणतात. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये संध्याकाळी वादळ आले. राय गवताचे परागकण वादळी हवेतल्या ओलाव्याने फुटले. त्यांचे अतिसूक्ष्म कण लोकांच्या फुप्फुसांत खोलवर गेले. काही तासांत हजारो लोकांना धाप लागली आणि दहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत आधी कधीही दमा नसलेले, फक्त गवतामुळे शिंका येणारे लोकही बरेच होते. भारतीय वंशाच्या रुग्णांचे प्रमाणही त्यात लक्षणीय होते. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, घरात कोणालाही दमा किंवा गवताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून पफर बरोबर घ्यावा. तो ज्याचा त्याच्याच खिशात असावा, मागच्या पिशवीच्या तळाशी नसावा. वादळाची सूचना असेल तर बाहेर थांबू नये.

दुसरी वस्तू म्हणजे रुंद, ताणल्या जाणाऱ्या दोन पट्ट्या. वसंतात आणि उन्हाळ्यात वाटेवर साप असू शकतात. टायगर स्नेक आणि कॉपरहेड हे या भागातले विषारी साप आहेत. साप दिसला तर थांबावे आणि त्याला जाऊ द्यावे. चावलाच तर जखम धुवू नये, कापू नये, चोखू नये. चावलेल्या माणसाला हलू देऊ नये. तो सगळा हात किंवा पाय घट्ट पट्टीने गुंडाळावा, काठी बांधून स्थिर करावा आणि ००० या क्रमांकावर फोन करावा. ही पद्धत मेलबर्नच्याच डॉ. स्ट्रुअन सदरलँड यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस शोधून काढली. आपल्याकडच्या गोष्टींमध्ये आणि सिनेमांत जखम चोखून विष काढतात. ते गोष्टीतच राहू द्यावे.

८. कोणाकडे काय?

आम्ही व्यवसायाने संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो. या कामातला एक नियम सहलीलाही लागू पडतो: एक भाग बंद पडला म्हणून सगळे बंद पडता कामा नये. समजा पंप, पाण्याचा साठा, औषधे आणि फोन सगळे बाबांच्याच सायकलवर आहे, आणि बाबा तीन किलोमीटर पुढे निघून गेले आहेत. मागे आईच्या चाकाची हवा गेली. आता काय करायचे? सामान पुरेसे आहे, पण ते जिथे हवे तिथे नाही.

म्हणून सामानाची वाटणी करावी. पुढे जाणाऱ्या मोठ्याकडे एक फोन, औषधे आणि निम्मा पाणीसाठा असावा. शेवटी येणाऱ्या मोठ्याकडे दुसरा फोन, पंप आणि पंक्चरचे सामान असावे. ज्याच्याकडे पंप आहे, त्याने नेहमी सर्वांच्या मागे राहावे. मुले मध्ये.

मुलांकडेही जबाबदारीचे सामान असावे. मुलगा किंवा मुलगी वळणावर मागे पडली, किंवा चुकून पुढे गेली, तर मोठे येईपर्यंत थांबता यावे इतके तिच्या स्वतःच्या पिशवीत हवे. ती यादी अशी:

- पाण्याची भरलेली बाटली: सुमारे ८५० ग्रॅम
- पावसाळी जाकीट: सुमारे २५० ग्रॅम
- लोकरी कपडा: सुमारे ३०० ग्रॅम
- खाऊ: २५० ग्रॅम
- शिट्टी, छोटी बॅटरी आणि माहितीचे कार्ड: सुमारे १०० ग्रॅम

बेरीज झाली १,७५० ग्रॅम. दोन किलोंतून उरले २५० ग्रॅम. ते तुमचे! त्यात पत्त्यांचा जोड घ्या, गोष्टीचे छोटे पुस्तक घ्या, नाहीतर चित्रांची वही. आईबाबांनी त्या पावकिलोत हात घालू नये.

माहितीच्या कार्डावर आपले नाव, आईबाबांचे फोन क्रमांक, ॲलर्जी आणि औषधे लिहावीत. एका बाजूला इंग्रजीत लिहा, कारण मदतीला येणारा माणूस बहुधा ते वाचेल. दुसऱ्या बाजूला मराठीत लिहा. आईबाबांचे फोन क्रमांक तोंडपाठही असू द्या. चुकामूक झाली तर वाट सोडून जायचे नाही. तिथेच थांबायचे आणि तीनदा शिट्टी वाजवायची.

९. कसे बांधावे?

आमच्या लहानपणी दूधवाले सायकलवरून येत. दुधाच्या जड किटल्या ते कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या आसाजवळ खाली लटकवत. दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवत. भरल्या किटल्या घेऊन ते गर्दीतून सहज जात. आपणही तेच करावे. जड वस्तू खाली, हलक्या वर. डावी आणि उजवी पिशवी काट्यावर ठेवून सारखी करावी. हँडलला पिशवी लटकवू नये, वळताना चाक ओढले जाते. मुलांच्या पाठीवर जड दप्तर नको, तोल वर जातो आणि पाठ घामाने भिजते. बंद किंवा दोरी चाकाच्या तारांत लोंबू देऊ नये. प्रत्येक पिशवीच्या आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घालावी आणि कपडे त्यात ठेवावेत. जाकीट, क्रीम आणि खाऊ सर्वांत वर, कारण ते न थांबता सापडायला हवेत.

१०. रंगीत तालीम

निघण्याच्या आदल्या आठवड्यात सगळे सामान बांधून घराजवळ फेरी मारावी. आपल्या क्लेटनला जेरिंग ट्रेल आहेच. जेरिंग हा इथल्या बून वुरुंग लोकांच्या भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ 'एकत्र'. क्लेटन स्टेशनपासून वेस्टॉल ओलांडून स्प्रिंगव्हेलपर्यंत जावे आणि परत यावे. ब्रेक लागतात का, पिशवीला टाच लागते का, काय खडखडते, हे या फेरीत समजते. परत आल्यावर प्रत्येकाने आपल्या पिशवीतली एक तरी वस्तू कमी करून दाखवावी.

निघायच्या सकाळी हवामान आणि आगीच्या धोक्याची पातळी पाहावी. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत या राज्यात १७३ माणसे गेली, हे विसरू नये. धोक्याची पातळी 'एक्स्ट्रीम' किंवा 'कॅटास्ट्रोफिक' असेल तर डोंगराकडे जायचेच नाही. सामान बांधलेले असले, मुक्कामाचे पैसे भरलेले असले, तरी पिशव्या सोडाव्यात. लाडू घरी खावेत. सहल पुढच्या महिन्यात होईल.

शब्दार्थ

शिदोरी – प्रवासात खाण्यासाठी बरोबर बांधून घेतलेले पदार्थ
ओझे – वाहून न्यायचे वजन
ठिगळ – भोक बुजवण्यासाठी लावलेला तुकडा
पाना – नट-बोल्ट फिरवण्याचे अवजार
आस – चाक ज्याभोवती फिरते तो मधला दांडा
मुक्काम – प्रवासात रात्री राहण्याची जागा
चुकामूक – एकमेकांची भेट चुकणे
रंगीत तालीम – खऱ्या दिवसाआधी केलेला पूर्ण सराव

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वॉरबर्टनची आगगाडी कोणत्या साली बंद झाली?
(आ) पंप असलेल्या माणसाने सर्वांच्या मागे का राहावे?
(इ) पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट का फिरवावे?

प्रश्न २. तुमच्या आणि तुमच्या सायकलच्या वजनाची बेरीज करा. त्याचे ५ टक्के किती होतात? तेवढ्यात तुमचे सामान बसते का?

प्रश्न ३. पुढील म्हणींचा वाक्यांत उपयोग करा: थेंबे थेंबे तळे साचे, तहान लागल्यावर विहीर खणणे.

प्रश्न ४. पुढील वस्तूंना तीन प्रश्न विचारा आणि 'न्यावी' की 'ठेवावी' ते कारणासह लिहा: मोठा टॉवेल, कुलूप, टॅब्लेट, काचेची बाटली, मायकी कार्ड, कॅरमच्या सोंगट्या.

उपक्रम. आजी-आजोबांना फोन करून विचारा: त्यांच्या काळी प्रवासाला निघताना काय काय बरोबर घेत? शिदोरीत काय असे? त्यांनी सांगितलेल्या वस्तूंपैकी तुम्हांला नवीन वाटलेले पाच शब्द वहीत लिहा. तुमची स्वतःची वजनासह केलेली यादी आणि हे पाच शब्द पुढच्या वर्गाला घेऊन या. वजनकाटा आम्ही आणू.